परबांचे साठ चेक

"आमच्याकडे कर्ज काढत नाहीत, मॅडम," परब म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. चेहरा असा, की जणू मी त्यांना मटक्याचा आकडाच लावायला सांगत होते.

मी कपाळावर हात मारायचीच बाकी होते. सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. लोक कर्जासाठी माझ्या मागे लागायचे. कोणी मेव्हण्याची ओळख सांगायचं, कोणी दिवाळीला काजूकतली घेऊन यायचं, आणि मी सगळ्यांना फॉर्म आणि नियम दाखवून वाटेला लावायची. कर्ज घ्या हो, म्हणून मी स्वतः ज्याच्या दारात गेले असा माणूस एकच. हे परब. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती, आणि दार म्हणजे मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला त्यांचा गाळा.

झालं होतं असं. परबांचं आमच्या ब्रँचमध्ये करंट अकाउंट. व्यवहार सरळ. महिन्याला दहाबारा चेक, तारवाल्याचा, विजेचा, गाळ्याच्या भाड्याचा. एक दिवस ते काउंटरवर आले आणि एकदम तीन चेकबुकं मागितली. क्लार्कने मला विचारलं, देऊ का? मी परबांना सहज म्हटलं, काय हो, एवढे चेक कोणाला? ते खुशीत होते. म्हणाले, मशीन घेतोय, साठ चेक आगाऊ सही करून द्यायचेत, महिन्याला एक. मी विचारलं, म्हणजे हप्त्यावर? तर म्हणाले, छे छे, हप्ता नाही. भाड्यावर. सोमवारी सह्या.

आगाऊ सही केलेले साठ चेक! त्याच दुपारी मी त्यांच्या गाळ्यावर गेले. बँकेने सांगितलं नव्हतं. खरं तर हे विकतचं श्राद्ध होतं.

परब स्प्रिंगा बनवायचे. बॉलपेनाचं बटण दाबलं की टोक आत-बाहेर होतं ना, त्याच्या आतली ती इवलीशी स्प्रिंग. लेथवर बारीक सळई फिरवायची, तिच्यावर तार गुंडाळायची, कापायची, भट्टीत तापवायची. चार कामगार आणि स्वतः परब. मोजायचं काम वहिनींचं, म्हणजे परबांच्या बायकोचं. त्या शंभर स्प्रिंगा मोजून एका पारड्यात टाकायच्या आणि बाकीच्या वजनावर मोजायच्या. पोत्यात किती लाख आहेत ते त्या नुसत्या हाताने उचलून सांगायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं.

आता एका पेन कंपनीने परबांना मोठी ऑर्डर देऊ केली होती. महिन्याला पाच लाख स्प्रिंगा, पहिला माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याच्या आधी पेनं बाजारात जायला हवीत. लेथवर पाच लाख स्प्रिंगा म्हणजे वाट लागली असती. त्यासाठी ऑटोमॅटिक मशीन हवं. किंमत एक लाख रुपये. मशीन घाटकोपरच्या डीलरकडे तयार उभं होतं, आणि ऑर्डर हातची गेली तर ती घ्यायला दुसरे टपलेलेच होते. पेन कंपनीच्या परचेसवाल्याने तसं तोंडावर सांगितलं होतं.

इथे लीजवाले आले. तेव्हा लीजिंग कंपन्यांचं नवंनवं पेव फुटलं होतं. लीज म्हणजे मशीन कंपनी विकत घेते, तुम्ही वापरता आणि दर महिन्याला भाडं भरता. त्यांचा माणूस सबनीस म्हणून होता. पंचविशीचा, गोरागोमटा, मरोळच्या धुळीतही टाय लावणारा. त्याने परबांना एका पानाचं कोटेशन दिलं होतं. परबांनी ते खणातून काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

रेट लिहिला होता, हजाराला अठ्ठावीस रुपये महिना. मशीनच्या किमतीतल्या दर हजारामागे दरमहा अठ्ठावीस. लाखाला अठ्ठावीसशे. हा भाव बोलायची रीत त्या धंद्यात अशीच. आणि परबांना ती ऐकताक्षणी आपली वाटली, कारण ते स्वतः स्प्रिंगा हजारावर विकायचे. हजाराला पंचवीस. ज्या भाषेत आपण विकतो त्या भाषेत कोणी बोललं, की माणूस निम्मा गार होतो.

उरलेला निम्मा गार झाला तो डिपॉझिटने. दहा हजार डिपॉझिट, बिनव्याजी. दुसरीकडे कुठे हे सांगितलं असतं तर माणसाने भुवया उंचावल्या असत्या. पण मुंबईत डिपॉझिटशिवाय खोली मिळत नाही, गाळा मिळत नाही. परबांनी स्वतः या गाळ्याला डिपॉझिट दिलं होतं. डिपॉझिट आणि वर महिन्याचं भाडं! याहून ओळखीची गोष्ट त्यांना कुठली असणार? ते मला समजावून सांगत होते, "गाळा भाड्याचा, आता आतलं मशीनपण भाड्याचं. डोक्यावर एक पैशाचं कर्ज नाही. झकास ना?"

मी म्हटलं, व्याज किती पडतं ते विचारलंत का? त्यांनी विचारलं होतं. सबनीसने कागदाच्या पाठीमागे हिशेब करून दिला होता. अठ्ठावीसशे गुणिले साठ, एक लाख अडुसष्ट हजार. त्यातून मशीनचा लाख वजा. उरले अडुसष्ट हजार, पाच वर्षांत. वर्षाला तेरा हजार सहाशे. म्हणजे साडेतेरा टक्के. "तुमच्या बँकेचा पंधरा ना?" परबांनी मिस्किलपणे विचारलं. वहिनी तराजूमागून गालात हसल्या.

मी म्हटलं, परब, वर्षभरासाठी बारा हजार उसने घेतलेत आणि वर्षअखेरीला सगळे एकदम परत केलेत, तर ते पैसे तुम्ही वर्षभर वापरलेत. बरोबर? पण महिन्याला हजार-हजार करून परत केलेत तर? सहा महिन्यांनी तुमच्याकडे सहाच हजार उरले. म्हणजे सरासरी निम्मेच पैसे वापरलेत. मग व्याज पूर्ण बारा हजारांवर का द्यायचं? सबनीसने पूर्ण लाखावर पाच वर्षं व्याज धरलंय. लाख तुमच्याकडे राहतो कुठे? पहिल्या महिन्यापासून तो झिजत जातो.

बँक पंधरा टक्के म्हणते, ते फक्त उरलेल्या रकमेवर. दोन्हीकडे टक्काच लिहितात, पण एकजण संपूर्ण कलिंगडाचं वजन करतो आणि दुसरा उरलेल्या फोडींचं.

नीट हिशेब मी दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये डब्याच्या सुट्टीत केला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. कॅल्क्युलेटर आणि व्याजाच्या कोष्टकांचं जाडजूड पुस्तक. एक दर धरायचा, जुळतो का बघायचं, नाही जुळला की दुसरा. नुसत्या भाड्याचाच दर तेवीसच्या जवळ आला. मग बाकीच्या गोष्टी मिळवल्या. पहिलं भाडं आगाऊ, दोन हजार प्रोसेसिंग फी, आणि ते दहा हजार डिपॉझिट. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात होतं, की पाच वर्षांनी मशीन ठेवून घ्यायचं असेल तर किमतीच्या दहा टक्के भरा. म्हणजे डिपॉझिट परत येणार ते तिथेच जिरणार. कागदावर मिळाले लाख, पण सही करतानाच चौदा हजार आठशे परत हातातून गेले. खरं कर्ज पंच्याऐंशी हजारांचं आणि भाडं मात्र लाखाचं. सगळं धरून दर तिसाच्या जरा वर गेला.

पोळी हातात तशीच होती. आमचे मॅनेजर नाडकर्णी साहेब शेजारून जाताना म्हणाले, "कर्णिक, आधी जेवा. कोणाचा हिशेब आहे एवढा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पार्टीने लोनचं अ‍ॅप्लिकेशन दिलंय?" मी म्हटलं, नाही. "मग? अहो, पार्टी बँकेकडे येते. बँक पार्टीकडे जात नाही." आणि ते आपल्या केबिनमध्ये ताकाचा ग्लास घेऊन निघून गेले. माणूस वाईट नव्हता. पण बँकेची खुर्ची लोखंडी आणि ते तिच्यात घट्ट बसलेले.

संध्याकाळी परत मरोळ. आता मात्र मी टक्के घरी ठेवून गेले. परबांना स्प्रिंगांत सांगितलं. तार, मजुरी, वीज वजा जाता हजार स्प्रिंगांमागे तुम्हाला नऊ रुपये सुटतात. मशीन दिवसाला वीस हजार काढणार, म्हणजे दिवसाचे एकशे ऐंशी. अठ्ठावीसशे भाडं भरायला किती दिवस लागतील? वहिनींनी बोटांवर मोजून परबांच्या आधी सांगितलं, "साडेपंधरा." म्हणजे महिन्याच्या पंचवीस दिवसांतले साडेपंधरा दिवस मशीन सबनीसच्या कंपनीसाठी फिरणार आणि उरलेले तुमच्यासाठी. पाचही वर्षं तसंच. बँक देते तेवढं पंचाहत्तर हजारांचं कर्ज घेतलंत, तर पहिल्या महिन्यात बारा दिवस बँकेचे, पण ते कमी कमी होत शेवटच्या वर्षी सातआठवर येतात. आणि मशीन पहिल्या दिवसापासून तुमचं.

शिवाय मोठ्या कंपन्या लीज घेतात त्याला कारण असतं, तेही मी सांगितलं. त्यांचं भाडं खर्चात जातं आणि टॅक्स वाचतो. परब, तुम्ही टॅक्स किती भरता? त्यांनी आकडा सांगितला. तेवढ्याची तर मी गणपतीत मिठाई आणते.

हे सगळं परबांना कळलं. तो माणूस मठ्ठ अजिबात नव्हता. त्यांनी हिशेब दोनदा तपासला, मान डोलावली, आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. भाडं जरा जास्तच आहे. पण भाडंच आहे ना. कर्ज नाही."

मला खरंच राग आला. तीस टक्के द्यायला तयार, पंधरा नको. का, तर पंधराचं नाव वाईट! मी पर्स उचलली. निघताना एवढंच म्हटलं, "परब, हा गाळा उद्या सोडलात तर भाडं थांबतं. मशीन सोडलंत तर थांबतं का? सोमवारी तेवढं एक विचारा."

सोमवारी मी गाळ्यावर हजर होते. निमित्त काढलं की चेकवरच्या सह्या जुळतात का बघायच्या आहेत. असं कुठलंही काम बँकेत नसतं. नाडकर्णी साहेबांना मी दाताच्या डॉक्टरचं सांगितलं होतं.

सबनीस वेळेवर आला. अ‍ॅग्रीमेंट काढलं, पेन काढलं. परब सावकाश चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "सबनीस, दोन वर्षांनी माझं पेनवाल्यांशी बिनसलं, तर मशीन परत न्याल ना? भाडं बंद?"

सबनीस हसला. "तसं नाही होत सर. अ‍ॅग्रीमेंट नॉन-कॅन्सलेबल आहे. साठ महिने द्यावेच लागतात."

"आणि मी नाही दिले तर?"

"तर कंपनी मशीन उचलते."

"मग तरी भाडं थांबतं?"

सबनीसने टायची गाठ चाचपली. "नाही सर. उरलेली सगळी रेंटल्स एकदम ड्यू होतात."

गाळ्यात लेथ चालू होता. परबांनी कामगाराला हाताने खूण केली, त्याने तो बंद केला. परब रागावले की त्यांची मालवणी बाहेर पडायची, हे मला त्या दिवशी कळलं. ते सबनीसकडे न बघता वहिनींना म्हणाले, "म्हणजे ह्या कर्जच झाला. आणि माका कोणी सांगूक नाय."

तीस टक्क्यांनी जे झालं नव्हतं ते या एका गोष्टीने झालं. आपल्याला न विचारता कर्जदार करत होते, याचा त्यांना भयंकर संताप आला. पोरगा बिचारा पांढरा पडला. परबांनी कोटेशनची घडी घालून त्याच्या हातात दिली, चहा मात्र पाजला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कर्जच काढायचं तर स्वस्तातलं काढू."

सबनीस निघाला तेव्हा मी म्हटलं, तुमचे साडेतेरा खरे तीस पडतात. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, ते तीस कसे येतात? आम्हाला ट्रेनिंगमध्ये साडेतेराच शिकवलंय. मी त्याला कागदावर करून दाखवलं. पुढे त्याने ती नोकरी सोडली असं मी सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. नाही सोडली. वर्षभरात प्रमोशन मिळालं त्याला.

आता मला वाटलं जिंकले. तेवढ्यात वहिनी तराजूमागून उठून आल्या. "मॅडम, तुमचं लोन किती दिवसांत होतं?"

मी म्हटलं, कागद पूर्ण असले तर आठ-दहा आठवडे.

"आज फेब्रुवारीची वीस. दहा आठवडे म्हणजे मे उजाडला. एप्रिलचा माल कोण देणार? महिन्याला साडेचार हजार सुटायचे ते बुडणार, आणि ऑर्डरच गेली तर सगळंच. ते का नाही धरलं तुम्ही हिशेबात?"

दोन दिवस मी दुसऱ्याच्या हिशेबातली लपवाछपवी काढत होते आणि माझ्या बँकेचे दहा आठवडे मी फुकट धरले होते. लाज वाटली. खरंच सांगते, त्या तराजूसमोर मी शाळेतल्या मुलीसारखी उभी होते. आमचे पंधरा टक्के फक्त त्याच्यासाठी पंधरा, ज्याला घाई नाही. मी म्हटलं, वहिनी, मला चार आठवडे द्या.

दुसरं घोडं अडलं मार्जिनवर. बँक पूर्ण लाख देत नाही. चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस हजार पार्टीने स्वतःचे घालायचे, त्याला मार्जिन म्हणतात. परबांकडे लीजसाठी ठेवलेले पंधरा होते. दहा कमी. वहिनींनी शांतपणे सांगितलं, माझी भिशी लागलीय, या महिन्यात दहा येतील. वीस बायका दर महिन्याला पाचशे काढायच्या आणि एकीला सगळे मिळायचे. परब म्हणाले, "लागलीय? अजून तुझे किती हप्ते राहिलेत?" वहिनी म्हणाल्या, चौदा. पैसे आधी उचलायचे, हप्ते नंतर भरायचे. याला काय म्हणतात हे तिथे कोणीच बोललं नाही. वहिनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसल्या. मागाहून त्यांनी मला सांगितलं, कर्ज न काढणाऱ्या त्या घराण्यात ते असं तीनदा नांदून गेलं होतं.

मग माझी पळापळ सुरू झाली. अ‍ॅप्लिकेशन त्याच दिवशी भरून घेतलं. प्रोजेक्ट रिपोर्ट मीच लिहिला, वहिनींनी आकडे सांगितले. नाडकर्णी साहेबांसमोर फाइल ठेवली. ते म्हणाले, "ठेवा. झोनलला टपालाने जाईल." मी म्हटलं, टपालाने जायला आठवडा, मी स्वतः घेऊन जाते. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कर्णिक, दात कसे आहेत आता?" म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं. सही मात्र केली. वर म्हणाले, सीनियर ऑफिसर स्वतः शिपायाचं काम करते असं कोणी विचारलं तर मी रजेवर होतो म्हणून सांगा.

झोनल ऑफिसला तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला एक शेरा मिळाला, की बॉलपेनाच्या स्प्रिंगेला बाजारात मागणी आहे का याचा खुलासा जोडावा. शेरा मारणारे गृहस्थ समोरच बसले होते. खिशाला बटणाचं बॉलपेन. मी म्हटलं, सर, जरा पेन देता? उघडलं, आतली स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली, पेन बंद करून परत दिलं. म्हटलं, आता याने मंजूर लिहा. त्यांनी बटण दाबलं. टोक बाहेर टिकेना, टेकवलं की आत. पुन्हा दाबलं. शेजारच्या टेबलावरची बाई खो खो हसली. गृहस्थ हसले नाहीत. पण शेरा खोडला, अर्थात शेजारणीकडून पेन मागून.

चोविसाव्या दिवशी सँक्शन आलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जलद टर्म लोन. टर्म लोन म्हणजे मशीन वगैरेसाठीचं मुदतीचं कर्ज.

कागदांवर सह्या करायला परब आणि वहिनी ब्रँचमध्ये आले. परबांनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्रत्येक कागद वाचला. माझ्या टेबलासमोर तासभर बसले. नाडकर्णी साहेब दोनदा डोकावून गेले. शेवटच्या कागदावर पेन टेकवलं आणि परब थांबले. वाटलं, आता उठून जातात.

ते हळूच म्हणाले, "मॅडम, हे संपणार कधी? नुसतं पाच वर्षं नको. कुठल्या महिन्यात किती भरायचे, भरल्यावर किती उरले, असं शेवटपर्यंत लिहून मिळेल?"

मी म्हटलं, असा कागद देण्याची पद्धत नाही. पण का हवाय?

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गिरगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आपल्या बहिणीच्या लग्नाला तीनशे रुपये उचलले एका सावकाराकडून. पगाराच्या दिवशी त्याचा माणूस छापखान्याच्या दारात उभा असायचा. वीस रुपये घेऊन जायचा. कधी पावती नाही, कधी हिशेब नाही. विचारलं की म्हणायचा, अजून बाकी आहे. अकरा वर्षं. वडील गेले त्या महिन्यातही तो दारात आला आणि म्हणाला, बाकी आहे. किती, ते तेव्हाही सांगेना.

"मी कर्जाला नाही घाबरत मॅडम," परब म्हणाले. "न संपण्याला घाबरतो." वहिनी खाली बघत होत्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यांनाही हे त्याच दिवशी कळत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

इतके दिवस मी या माणसाची मनातल्या मनात चेष्टा करत होते. भाडं चालतं, कर्ज चालत नाही, काय हा खुळेपणा, म्हणून. मी फुलस्केप कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या, आणि साठ ओळी हाताने लिहिल्या. तारीख, मुद्दल, व्याज, उरलेली रक्कम. पंचाहत्तर हजारांपासून खाली खाली. मागे रांग वाढत होती. साठाव्या ओळीत शेवटच्या रकान्यात मी शून्य काढलं आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. परबांनी त्या शून्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ ते तिथेच ठेवलं, आणि मग सही केली.

मशीन मार्चअखेर गाळ्यात आलं. पहिला माल एप्रिलच्या नऊ तारखेला गेला, दोन दिवस उशिरा. परचेसवाल्याने कुरकुर केली आणि माल घेतला. परबांनी एकही हप्ता चुकवला नाही. उलट जमेल तसे जास्तीचे भरले आणि चौथ्या वर्षीच खातं बंद केलं. नाडकर्णी साहेब तेव्हा रिटायरमेंटला आले होते. मला म्हणाले, बघा, तुमच्या पार्टीने बँकेचं वर्षभराचं व्याज बुडवलं.

त्यानंतर मी प्रत्येक मशीनच्या कर्जाबरोबर तो साठ ओळींचा कागद हाताने लिहून द्यायला लागले. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाने विचारलं, हे कोणत्या सर्क्युलरप्रमाणे? मी म्हटलं, कुठल्याच नाही. त्याने माझ्या फाइलवर तसा शेराही मारला.

कोणी विचारलं तर मी अजून एवढंच सांगते. विकणाऱ्याला टक्का विचारू नका, तो न विचारता सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही तो खराच वाटत असतो. मधेच सोडलं तर काय, शेवटचा पैसा कधी, आणि त्यानंतर वस्तू कोणाची, हे विचारा. उत्तर देताना त्याचा हात टायच्या गाठीकडे गेला, तर चहा पाजा आणि घरी पाठवा.